मार्सेय कसं बघावं: इमारतीचं तोंड कुणीकडे, हे विचारत दोन दिवस

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं मार्सेय हे त्या देशातलं सर्वांत जुनं शहर. इ. स. पू. 600 च्या सुमारास ग्रीक दर्यावर्दींनी वसवलेलं. पण तिथे उतरल्यावर माणूस जरा हिरमुसतो. रोमसारखं उभं रंगमंडळ नाही, अथेन्ससारखं टेकडीवरचं देऊळ नाही. जे भव्य दिसतं ते बहुतेक एकोणिसाव्या शतकातलं, आणि जे जुनं आहे ते जमिनीखाली किंवा दुकानांच्या मागे दडलेलं. मीही पहिल्या खेपेला यादी घेऊन फिरलो, यादी संपली आणि शहर कळलंच नाही.

दुसऱ्या खेपेला एकच प्रश्न धरून फिरलो आणि गाडी रुळावर आली. आपल्याकडे वाडा बघायला गेलं की पहिलं विचारतात, तोंड कुणीकडे आहे? मार्सेयमध्ये प्रत्येक इमारतीपुढे उभं राहून हेच विचारायचं. समुद्राकडे तोंड आहे की शहराकडे? पाठ कुणाला दाखवली आहे? उत्तर मिळालं की ती कुणी, कुणाच्या भीतीने किंवा कुणाच्या पैशाने बांधली हे बरंचसं उलगडतं. खालचा क्रम त्याच हिशेबाने लावला आहे.

निघण्याआधी

नगरपालिकेची संग्रहालयं सोमवारी बंद असतात आणि समुद्राकाठचं मोठं म्युसेम संग्रहालय मंगळवारी. म्हणून बुधवार ते रविवार यांतले दोन दिवस धरावेत. दुसरी अडचण वाऱ्याची. उत्तरेकडून ऱ्होन नदीच्या खोऱ्यातून ‘मिस्त्राल’ नावाचा कोरडा, थंड वारा सुटतो. आकाश लख्ख निळं असतं, पण बोटी बंद. ऊन बघून फसू नका, बेटाची फेरी सुरू आहे का ते सकाळी विचारून घ्या. बूट जाड तळाचे हवेत, कारण हे शहर चढउतारांचं आहे. पाकीट पुढच्या खिशात.

रेल्वेने आलात तर सँ-शार्ल स्टेशनच्या बाहेर दोन मिनिटं थांबा. स्टेशन 1848 चं आणि टेकाडावर आहे. शहरात उतरणारा 104 पायऱ्यांचा जिना मात्र 1920 च्या दशकातला. त्याच्या पायथ्याशी आडव्या पहुडलेल्या दोन स्त्रियांचे पुतळे आहेत, एक फ्रान्सच्या आशियातल्या वसाहतींचा आणि दुसरा आफ्रिकेतल्या. मार्सेयचा पैसा कुठून आला याचं उत्तर पहिल्याच जिन्यावर दगडात कोरलेलं आहे. समोर दूर टेकडीवर सोनेरी पुतळा चमकताना दिसेल. तिकडे आपण उद्या जाणार आहोत.

पहिला दिवस, सकाळ: जुन्या बंदराच्या टोकाशी

‘व्ह्यू-पोर’ म्हणजे जुनं बंदर. आयताकार खाडीच शहरात शिरलेली आहे. तिच्या पूर्वेच्या काठावर नॉर्मन फॉस्टर यांनी 2013 मध्ये उभारलेलं पत्र्याचं छत आहे, 46 मीटर लांब आणि 22 मीटर रुंद. आठ सडपातळ खांब आणि वर आरशासारखं घासलेलं पोलाद, बस्स. खाली उभं राहून वर बघा, मासे विकणाऱ्या बायका आणि तुम्ही स्वतः उलटे लटकलेले दिसाल. या इमारतीला तोंडच नाही, म्हणून दिशा ठरवायला हीच जागा चांगली.

पाण्याकडे तोंड करून उभे राहा. खाडीच्या मुखाशी दोन किल्ले दिसतात, उजवीकडे सँ-जाँ, डावीकडे सँ-निकोला. बंदराच्या तोंडाशी किल्ले म्हटल्यावर आपल्याला वाटतं शत्रूचं आरमार अडवायला असणार. इथेच पहिली गंमत आहे. मार्सेय हे व्यापाऱ्यांचं हेकट शहर, राजाचं ऐकायचं नाही. 1660 मध्ये चौदावा लुई फौज घेऊन आला तो वेशीतून आत शिरलाच नाही. तट फोडून पाडलेल्या खिंडारातून आला, म्हणजे जिंकलेल्या शहरात शिरतात तसा. त्यानंतर लगेच सँ-निकोलाचं काम सुरू झालं आणि त्याच्या तोफा शहरावर रोखलेल्या होत्या. लोकांनी हे लक्षात ठेवलं. राज्यक्रांतीच्या सुरुवातीला, 1790 मध्ये, त्यांनी हाच किल्ला फोडायला घेतला होता.

आता पाण्याकडे पाठ करून उत्तरेला चार पावलं चाला. एका मॉलच्या मागे इतिहास संग्रहालय आहे आणि त्याच्या अंगणात ग्रीकांचं बंदर. 1967 मध्ये मॉलसाठी पाया खणताना ते सापडलं. आज जिथे हिरवळ आहे तिथे त्या काळी खाडीचं टोक होतं. ग्रीक तटाचे मोठाले दगड नीट बघा, किंचित गुलाबी छटा आहे. शहराच्या पश्चिमेकडच्या ला कुरोन या भूशिराच्या खाणीतला हा चुनखडक. त्याचा रंग डोळ्यांत साठवून ठेवा, दुपारी परत भेटणार आहे. आत याच उत्खननात 1974 मध्ये सापडलेलं रोमन काळातलं व्यापारी जहाज ठेवलं आहे. जवळच दुसऱ्या खोदकामात मिळालेल्या ग्रीक होड्यांपैकी एकीच्या फळ्या खिळ्यांनी ठोकलेल्या नाहीत, दोरीने शिवलेल्या आहेत. जुन्या कोकणी किंवा अरबी होड्यांबद्दल ऐकलेल्यांना तिथून हलवणार नाही.

शहराच्या जन्माची कथा तर थेट स्वयंवराची आहे. आजच्या तुर्कस्तानातल्या फोसाया गावचे ग्रीक इथे आले त्या दिवशी स्थानिक राजाच्या मुलीचा वर ठरायचा होता. मुलगी जमलेल्यांपैकी ज्याच्या हाती पेला देईल तो नवरा. जिप्तिस नावाच्या त्या मुलीने पेला दिला तो पाहुण्या प्रोतिसला. हुंड्यात जमीन मिळाली, तिथे शहर.

उत्तरेचा धक्का: नगरपालिका आणि 1943 चं भगदाड

खाडीच्या उजव्या काठाने चालू लागा. सतराव्या शतकातली नगरपालिकेची छोटेखानी देखणी इमारत लागते. तोंड अर्थातच पाण्याकडे. हिची एक खोड सहसा कुणी सांगत नाही: तळमजला व्यापाऱ्यांच्या सौद्यांसाठी, वरचा मजला नगरशासकांसाठी, आणि दोघांना जोडणारा जिना आत ठेवलाच नव्हता. वर जायचं तर मागच्या इमारतीतून छोट्या पुलावरून. धंदा आणि कारभार वेगळे राहावेत, असं दगडात तरी लिहून ठेवलं होतं. प्रत्यक्षात 1720 मध्ये ‘ग्राँ-सँ-आंत्वान’ हे जहाज पूर्वेकडून कापड घेऊन आलं. वाटेत खलाशी मेलेले होते. पण मालात शहराच्या प्रमुख नगरशासकाचाही वाटा होता आणि माल लवकर उतरवण्याची घाई सगळ्यांनाच. त्या कापडातून प्लेग शहरात शिरला आणि सुमारे निम्मं शहर गेलं. पूल बांधून काय उपयोग, माणसं तीच.

नगरपालिकेच्या दोन्ही बाजूंना आणि मागे जी सरळ रेषेतली दगडी घरं दिसतात ती दुसऱ्या महायुद्धानंतरची. जानेवारी 1943 मध्ये जर्मन फौजेने फ्रेंच पोलिसांना हाताशी धरून हा भाग वेढला. सुमारे वीस हजार लोकांना घराबाहेर काढलं, शेकडो ज्यूंना छळछावण्यांकडे पाठवलं आणि फेब्रुवारीत गल्लीमागून गल्ली सुरुंगाने उडवली. सुमारे दीड हजार इमारती गेल्या. मोजक्याच ठेवल्या, त्यांत नगरपालिका आणि मागचं ओतेल द काब्र हे 1535 चं घर. या घराची तर कमालच आहे. नवे रस्ते आखताना ते आडवं येत होतं, म्हणून 1954 मध्ये आख्खं घर उचलून काटकोनात फिरवलं. तेव्हा याचं तोंड आज जिकडे आहे तिकडे ते बांधणाऱ्याने कधीच केलं नव्हतं. माझ्या प्रश्नाला चकवणारी शहरातली ही एकमेव इमारत.

युद्धानंतरच्या घरांपुढून घाईने जाऊ नका. फेर्नां पुयाँ या वास्तुकाराने त्यांत खरा दगड वापरला आणि खाली धक्क्याच्या बाजूने सावलीची ओसरी काढली. जखम बुजवताना इतकी मर्यादा फार थोड्यांना पाळता येते.

दुपार: ल पानिए आणि शहराकडे पाठ केलेली इमारत

सुरुंगातून वाचलेला वरचा भाग म्हणजे ल पानिए. चढाच्या गल्ल्या, दोरीवर वाळत घातलेले कपडे, भिंतींवर रंगवलेली चित्रं. इथे नकाशा खिशात ठेवा आणि चढ धरून चाला, सगळ्या गल्ल्या शेवटी व्हिएय शारितेपाशी नेतात. पोटात काही घालायचं तर ‘पानिस’ मागा. चण्याचं पीठ शिजवून, थापून, कापून तळलेलं. आपली पाटवडी तळली तर जवळपास हेच. फक्त फोडणी विसरली आहे.

व्हिएय शारिते म्हणजे गोरगरिबांसाठीचं जुनं आश्रयगृह. पियेर प्युजे हा मार्सेयचाच शिल्पकार आणि वास्तुकार. 1671 मध्ये त्याच्या आराखड्यावर काम सुरू झालं आणि संपलं 1749 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर पन्नासहून अधिक वर्षांनी. आधी बाहेरून पूर्ण फेरी मारा. रस्त्याच्या बाजूला भिंतीच भिंती. रस्त्यावरचे भिकारी आणि निराधार गोळा करून इथे कोंडत, म्हणून इमारतीने शहराकडे पाठ केली आहे. मग आत जा. चारी बाजूंना तीन मजली कमानींच्या पडव्या आणि मधोमध लंबगोल घुमटाचं चॅपेल. दगड बघा: सकाळचीच गुलाबी छटा. ग्रीकांच्या तटाची आणि प्युजेच्या कमानींची खाण एकाच भूशिरावरची. दुपारी चार-साडेचारला पश्चिमेच्या उन्हात हा दगड उजळतो, तेव्हाच आत असा.

काम नीट बघायचं असेल तर मी सांगतो तसं करा. अंगणाच्या एका कोपऱ्यात उभे राहा, कमानी मजल्यागणिक कशा बसतात ते बघा, मग वरच्या पडवीत जाऊन तेच घुमटाच्या पातळीवरून बघा. खालून घुमट गोल वाटतो, वरून तो ताणलेला आहे हे कळतं. चॅपेलच्या दर्शनी बाजूचे खांब एकोणिसाव्या शतकात जोडलेले आहेत. मला ते उपरे वाटतात. विसाव्या शतकात ही वास्तू इतकी खंगली होती की पाडण्याच्या गोष्टी चालल्या होत्या. ती वाचवा म्हणून आवाज उठवणाऱ्यांत चंदीगडचे वास्तुकार ल कॉर्ब्युझिए होते. दुरुस्ती 1986 मध्ये पुरी झाली.

संध्याकाळ: समुद्राकडे वळलेलं शहर

टेकाड उतरून पश्चिमेला आलात की एकदम सगळं मोठं होतं. ला माजोर हे पट्ट्यापट्ट्यांच्या दगडाचं कॅथीड्रल 142 मीटर लांब आहे. 1852 मध्ये पायाभरणी झाली आणि 1893 पर्यंत काम चाललं. आराखडा लेओं व्होदुआयेचा. बाजूला बाराव्या शतकातलं जुनं, लहान कॅथीड्रल अर्धवट उभं आहे. नव्याला जागा हवी म्हणून त्याचे पुढचे भाग कापले. नव्याचं तोंड कुणीकडे? बोटींच्या बाजूला. हे शहरवासीयांसाठी कमी आणि बंदरात शिरणाऱ्या प्रवाशांसाठी जास्त बांधलेलं आहे.

त्यामागचा हिशेब समजून घ्या. 1830 मध्ये फ्रान्सने अल्जीरियात पाय रोवला. आगबोटी आल्या. जुनी खाडी अपुरी पडली, म्हणून कॅथीड्रलच्या खालच्या बाजूला ला जोलिएतची नवी गोदी बांधली, ती 1853 मध्ये सुरू झाली. 1869 मध्ये सुएझ कालवा उघडला आणि मार्सेय हे पूर्वेचं दार बनलं. कॅथीड्रलच्या ओट्यावरून उत्तरेला बघितलं की या गोद्या एकामागून एक पसरलेल्या दिसतात.

मराठी माणसाने या ओट्यावर जरा जास्त थांबावं. आपल्या घरांत या गावाचं नाव ‘मार्सेलिस’ म्हणून पोचलं ते सावरकरांमुळे. 7 जुलै 1910 ला मोरिया बोट त्यांना घेऊन इथे आली आणि 8 जुलैच्या सकाळी त्यांनी न्हाणीघराच्या गोल खिडकीतून उडी टाकली. अनेकांच्या डोळ्यांपुढे ती उडी मासळीबाजारापाशी, जुन्या बंदरात घडते. मोठ्या आगबोटी तेव्हा तिथे येतच नव्हत्या, त्या या नव्या बंदरात लागत. पोहून धक्क्यावर पोचलेल्या सावरकरांना फ्रेंच शिपायाने पकडलं आणि बोटीवर परत नेऊ दिलं. फ्रान्सच्या भूमीवरून माणूस असा नेता येतो का, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला. 24 फेब्रुवारी 1911 च्या निकालात अटकेत अनियमितता झाल्याचं मान्य केलं, पण त्यांना परत देण्याची सक्ती ब्रिटनवर केली नाही. गोदीचा आतला भाग आज कुंपणापलीकडे आहे, त्यामुळे बघायचं ते इथूनच. विलायतेला निघालेले कितीतरी विद्यार्थी मुंबईहून येऊन याच बंदरात उतरत आणि पुढे आगगाडीने जात. 1914 च्या सप्टेंबरअखेर भारतीय पलटणीही इथेच उतरल्या. त्यांतले परत न गेलेले शहराच्या दक्षिणेला माझार्ग इथल्या युद्धस्मशानात आहेत. वेळ असेल तर तिथेही जाऊन या.

उजेड उतरणीला लागला की दक्षिणेकडे म्युसेमपाशी या. रूदी रिचोत्ती यांनी 2013 मध्ये केलेली ही चौकोनी इमारत काळ्या काँक्रीटच्या जाळीने वेढलेली आहे. हे काँक्रीट तंतू घातलेलं आणि अतिशय मजबूत, म्हणून ते कापडासारखं पातळ विणता आलं. बाहेरचे उतरते रस्ते आणि गच्ची फुकट आहेत. जाळी आणि काच यांच्यामधून चढत जा, जाळीची सावली पायांवर पडते आणि खाली समुद्र. गच्चीवरून एक सडपातळ पादचारी पूल सरळ सँ-जाँ किल्ल्यात जातो.

किल्ल्यातला चौकोनी बुरूज पंधराव्या शतकातला, राजा रने याच्या नावाचा. 1423 मध्ये आरागॉनच्या आरमाराने बंदराच्या मुखावरची साखळी तोडून शहर लुटलं, त्यानंतर तो बांधला. तुटलेली साखळी लुटारू सोबत घेऊन गेले आणि ती स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाच्या कॅथीड्रलमध्ये आजही टांगलेली आहे. या बुरुजाचं तोंड मात्र खरोखर समुद्राकडे. समोरच्या सँ-निकोलाशी तुलना करा, सव्वादोनशे वर्षांत शत्रू बाहेरून आत आला.

दुसरा दिवस: दक्षिणेची बाजू

सकाळी सँ-व्हिक्तोरपासून सुरुवात करा. बाहेरून गढी वाटते, जाड भिंती आणि तटासारख्या कडा. चौदाव्या शतकात पाचव्या उर्बान पोपने ती अशी मजबूत केली. खरं काम तळघरात आहे. पाचव्या शतकापासूनची भजनाची जागा, दगडी शवपेट्या, आणि त्याही आधी इथे खाण आणि दफनभूमी होती. दरवर्षी 2 फेब्रुवारीला इथे हिरव्या मेणबत्त्या पेटतात आणि लोक शेजारच्या, 1781 पासून चालू असलेल्या बेकरीतून होडीच्या आकाराची बिस्किटं नेतात. संत्र्याच्या फुलांचा वास असलेली ही बिस्किटं चहात बुडवल्याशिवाय चावत नाहीत. मुकाट बुडवा.

नोत्र-दाम द ला गार्द सुमारे दीडशे मीटर उंच टेकडीवर आहे. जुन्या बंदरापासून 60 क्रमांकाची बस जाते. वर जाताना बस आणि उतरताना पाय, असं करा. इथे 1214 मध्ये पहिलं छोटं चॅपेल झालं, सोळाव्या शतकात पहिल्या फ्रान्स्वा राजाने भोवती किल्ला घातला आणि आजचं मंदिर 1853 ते 1864 या काळात त्या किल्ल्याच्याच बुरुजांवर उभं राहिलं. म्हणून आत जाताना उचलपूल लागतो. वास्तुकार आंरी-जाक एस्पेरांदिए तेव्हा पंचविशीच्याही आत होता आणि शिवाय प्रोटेस्टंट. कॅथलिकांच्या सर्वांत लाडक्या देवळाचं काम त्याला मिळालं. वरचा सोन्याचा मुलामा दिलेला मेरीचा पुतळा 11 मीटरहून उंच, 1870 चा.

आत गेल्यावर छताकडे बघा. लहान लहान जहाजं टांगलेली आहेत. भिंतींवर संगमरवरी पाट्याच पाट्या, वादळातून वाचलो, आजारातून उठलो, धन्यवाद. हे सगळं नवसाचं आहे आणि हे आपल्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही. बाहेर उत्तरेच्या भिंतीवर ऑगस्ट 1944 च्या लढाईतल्या गोळ्यांच्या खुणाही शोधा.

पाणी प्यायची वेळ झाली की लाँशाँ राजवाड्याची आठवण काढा. राजवाडा म्हणायचा, राहिलं त्यात कुणीच नाही. 1834-35 च्या कॉलऱ्यानंतर शहराने द्युरांस नदीचं पाणी कालव्याने आणलं, ते 1849 मध्ये पोचलं. त्या पाण्याच्या स्वागताला याच एस्पेरांदिएने कारंजी आणि कमानींची वास्तू बांधली. मोकळ्या संध्याकाळी जा, नाहीतर वगळा.

त्यापेक्षा ल कॉर्ब्युझिएंची सिते रादियूज चुकवू नका. मेट्रोने प्राडोच्या चौकापर्यंत आणि पुढे बस. 1947 ते 1952 मध्ये बांधलेली ही एकच इमारत 137 मीटर लांब, 56 मीटर उंच, आणि तिच्यात 337 घरं. जाड पायांवर उभी, खालून वारा आणि माणसं आरपार. बहुतेक घरं दोन्ही बाजूंना उघडणारी, एकीकडे सकाळ आणि दुसरीकडे संध्याकाळ. माझ्या प्रश्नाचं उत्तर इथे ‘दोन्हीकडे’ असं आहे. मधल्या मजल्यावर दुकानांचा रस्ता, गच्चीवर मुलांची शाळा. गावकऱ्यांनी तिला ‘येड्याचं घर’ म्हटलं. चंदीगड बघितलेल्यांना या उघड्या काँक्रीटच्या खडबडीत भिंती ओळखीच्या वाटतील, हे काम पुरं होत असतानाच तिकडचं सुरू झालं होतं. लिफ्ट चालू असली तरी दोन मजले जिन्याने उतरा, आतल्या अंधाऱ्या ‘रस्त्यां’वरचे रंगीत दरवाजे तेव्हाच दिसतात.

शेवटी: बेट

वारा पडलेला असेल तर दुपारची बोट धरून दीफच्या किल्ल्यावर जा. परतीची शेवटची बोट कितीला आहे ते तिकीट घेतानाच विचारा. लोक इथे एका गाजलेल्या कादंबरीतल्या कैद्याची कोठडी बघायला येतात. मला मात्र इथे एक गेंडा दिसतो. गुजरातच्या सुलतानाने 1514 मध्ये पोर्तुगीजांच्या अल्बुकर्कला गेंडा भेट दिला. 1515 च्या जानेवारीत तो गोव्याहून बोटीने निघाला आणि मे महिन्यात लिस्बनला पोचला. त्याच्या वर्णनावरून जर्मन चित्रकार ड्यूररने, स्वतः न बघता, ते प्रसिद्ध चित्र कोरलं. पोर्तुगालच्या राजाने गेंडा पुढे पोपला धाडला. वाटेत जानेवारी 1516 मध्ये बोट या बेटाशी थांबली आणि पहिला फ्रान्स्वा तो बघायला आला. गेंडा पुढे इटलीच्या किनाऱ्याजवळ बोटीसकट बुडाला. राजाने मात्र 1524 मध्ये याच बेटावर किल्ला बांधायला घेतला. गेंडा बघता बघता बेटाची मोक्याची जागा त्याच्या ध्यानात आली, असं सांगतात.

परतताना बोटीत पुढच्या बाजूला बसा, वारा लागला तरी. दोन दिवस जी तोंडं पायी फिरून एकेक करून बघितली ती आता सगळी एकदम समोर येतात. डावीकडे माजोरचे पट्टे, मग काळी जाळी, रनेचा बुरूज, उजवीकडे सँ-निकोला आणि त्याच्या वर सोन्याची मेरी. मुंबईहून निघून आठवडेन्‌आठवडे पाण्यावर काढलेल्या माणसाला मार्सेय पहिल्यांदा समुद्रावरूनच दिसायचं, फक्त ही जाळी तेवढी नव्हती.